घाटघरच्या विजेचा जमाखर्च

शहापूर तालुक्यातील चोंढे येथे, सह्याद्रीच्या कड्याखाली, 250 मेगावॅट क्षमतेचे घाटघर उदंचन जलविद्युत केंद्र 2008 सालापासून कार्यरत आहे. मागणी ओसरली की शिलकी विजेने खालच्या जलाशयाचे पाणी घाटमाथ्यावर चढवावयाचे आणि निकडीच्या वेळी तेच 125 मेगावॅटच्या दोन संचांवर सोडावयाचे, अशी ही योजना असल्यामुळे ती वीज उत्पन्न करण्यापेक्षा साठविते, आणि अशा व्यवस्थेत खर्ची पडलेल्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्साच वसूल होतो. महाराष्ट्रातील रात्रीची शिलकी वीज मुख्यत्वे कोळशाचीच. सबब केवळ पाण्यावर चालते म्हणून या योजनेला निर्मळ ठरविणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. माध्यान्हीच्या सौरविजेने पाणी चढविले, तरच हा हिशेब पालटेल. शासनाने ते अवश्य करावे.