भुसभुशीत हाडातला स्क्रू

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक छोटी डबी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला बिलगलं होतं. १९६५मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६मध्ये वारले, तोवर ते टिकले.

ही किमया धातूवरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थराची. पण ती अर्धीच. उरलेलं काम जिवंत हाडाचं, आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजारात, नेमकं तेच थकलेलं असतं.

भुसभुशीत भिंतीत स्क्रू पिळून पाहा, आटे धरतच नाहीत. ठिसूळ हाडाच्या जाळीदार गाभ्यातही तेच होतं. शिवाय स्क्रूची सुरुवातीची पकड कायमची नसते. भोवतालचं दुखावलेलं हाड आधी झिजवलं जातं, मग नवं घडतं. या मधल्या आठवड्यांत पकड सैल होते. झिजवणाऱ्या पेशी जोरात आणि घडवणाऱ्या मंद असतील, तर हा काळ फार धोक्याचा. त्यातच टायटॅनियम दाट हाडाच्याही कितीतरी पट ताठ. भार तोच उचलतो आणि बिनकामाचं हाड आणखी विरळ होतं.

उपाय बरेच शोधले गेले. पृष्ठभाग वाळूच्या माऱ्यानं आणि आम्लानं खडबडीत करणं, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडातल्याच खनिजाचा लेप, हाड आत शिरावं म्हणून थ्रीडी छपाईनं घडवलेला सच्छिद्र धातू, कमी ताठ मिश्रधातू. हाडं ठिसूळ व्हावीत म्हणून अंडाशय काढलेल्या उंदरांवर यातलं बरंच काही यशस्वी ठरतं. पण उंदरांच्या यशावर मी फार विसंबत नाही. मला मोलाचा वाटतो तो स्वीडनमधल्याच लिंशोपिंगच्या पेर आस्पेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. १६ रुग्णांच्या वरच्या जबड्यात एक साधा आणि एक लेप दिलेला असे दोन इम्प्लांट बसवले. लेपात फायब्रिनोजेनच्या पातळ थरात बिस्फॉस्फोनेट होतं, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरणारं औषध. सहा महिन्यांनी लेपवाल्याची पकड अधिक घट्ट निघाली. जबड्याचं यश खुब्यातल्या इम्प्लांटला जसंच्या तसं लागू पडत नाही. पण औषध नेमकं धातू आणि हाड भेटतात तिथं पोहोचवण्याची वाट मला सर्वांत आशेची वाटते.

तरीही कोणताही लेप अंगभरच्या ठिसूळपणावर उपाय नाही. खुबा मोडतो, शस्त्रक्रिया होते, आजी घरी येते आणि हाडांवरचे उपचार मात्र अनेकदा सुरूच होत नाहीत. दुसरा खुबा तितकाच ठिसूळ राहतो. तुमच्या घरात कुणाचा किरकोळ पडण्यानं खुबा किंवा मनगट मोडलं असेल, तर टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडांच्या औषधांबद्दल नक्की विचारा.