दगडावरील कीर्ती, खापरीवरील कीर्द

इजिप्तला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती पर्यटन संस्था जो कार्यक्रम देते, तो बहुधा आठ ते दहा दिवसांचा असतो. आरंभी कैरो, तेथून विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने लक्सर, मग नाईल नदीतून तीन-चार रात्रींचा जलप्रवास करीत अस्वान आणि अखेरीस अबू सिंबेल. एवढ्या अवधीत दहा-बारा मंदिरे आणि जवळजवळ तितक्याच कबरी पाहून होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र मनात गोंधळ सुरू होतो. कोणता स्तंभ कोठे पाहिला, कोणत्या रामेसीसने काय बांधले, हे आठवेनासे होते. छायाचित्रे वाढत जातात आणि स्मरण उणावत जाते.

हा गोंधळ टाळायचा तर एखादे सूत्र हाती धरून निघावे लागते. व्यापारउदिमात वाढलेल्या कुटुंबांना एक सूत्र अगदी जवळचे वाटेल. ते म्हणजे हिशेबाचे. प्राचीन इजिप्तमध्ये राजाइतकाच लेखनिकाचा वावर सर्वत्र होता. धान्य, दगड, माणसे, लढाईतील लूट, देवाचा नैवेद्य, सारे मोजले जाई आणि लिहिले जाई. भिंतींवर कोरलेली राजांची कीर्ती आणि लेखनिकांनी ठेवलेली कीर्द शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे या देशाचे खरे चरित्र उलगडू लागते.

कैरो : पिरॅमिड आणि एक रोजनिशी

गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत, असे सांगितले जाते. एवढे प्रचंड काम झाले कसे, या प्रश्नाभोवती शतकानुशतके दंतकथा रचल्या गेल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फ येथे फ्रेंच संशोधक पिएर तालें यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तो नदीपलीकडील तुरा येथील खाणीतून चुनखडीचा पांढरा दगड नावेने गिझाला आणीत असे. कोणत्या दिवशी दगड भरला, रात्री मुक्काम कोठे केला, केव्हा परतलो, एवढाच मजकूर. सोबतच्या हिशेबाच्या पानांवर किती धान्य यावयाचे होते, किती आले आणि किती बाकी राहिले, याच्या नोंदी आहेत. पिरॅमिडमागचे रहस्य शोधू गेलेल्यांच्या हाती असा साधा रोजमेळ लागला.

गिझापासून जवळच असलेल्या सक्कारा येथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहून बहुतेक पर्यटक परततात. त्यांनी थोडा वेळ काढून मेरेरुका या वजिराची कबर अवश्य पाहावी. तीस-बत्तीस दालनांच्या या कबरीत शिकार, मासेमारी आणि नृत्य यांची शिल्पे आहेतच. पण एका भिंतीवर सारा न भरलेल्या गावमुखियांना लेखनिकांपुढे आणून दंडुक्याने मारताना दाखविले आहे. लेखनिक कानावर लेखणी खोचून, मान खाली घालून लिहीत आहेत. वसुलीचे हे चित्र मृताने आपल्या वैभवाचा भाग म्हणून कोरून घेतले, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

लक्सर : पूर्वतीर

लक्सर म्हणजे प्राचीन थीब्ज. येथील कर्नाक मंदिराच्या महासभामंडपात १३४ स्तंभ आहेत आणि मधल्या ओळींतील बारा स्तंभ सुमारे एकवीस मीटर उंच आहेत. मान वर करून पाहताना मनुष्य स्वतःला मुंगीएवढा भासतो आणि बांधणाऱ्यांचा हेतूही तोच असावा. थोडे आत, गाभाऱ्याच्या आसपासच्या भिंतींवर तिसऱ्या थुतमोसचा युद्धवृत्तांत आहे. इ.स.पू. पंधराव्या शतकातील मेगिद्दोच्या लढाईनंतर ३४० कैदी, २,०४१ घोडे आणि ९२४ रथ हाती आले, असे आकडे त्यात दिलेले आहेत. ही नोंद चामड्याच्या गुंडाळीवर लिहून अमून देवाच्या मंदिरात ठेवली, असाही उल्लेख आहे. विजयाची गर्जना करतानाही दप्तराचा हवाला देण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लक्सरहून देंदेरा येथील हाथोर देवीचे मंदिर पाहण्यास उत्तरेकडे जाताना वाटेत किफ्त हे गाव लागते. प्राचीन काळी त्याचे नाव कोप्टोस. भारतातून येणारा माल तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून येथे येई आणि पुढे नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जाई. या वाटेवरील जकातीचे दरपत्रक इ.स. ९० मध्ये शिळेवर कोरले गेले. दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर मलबारच्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा करार आहे. माल कोप्टोसला कसा पोहोचवावा, गोदामात सीलबंद कसा ठेवावा, हेही त्यात नमूद आहे. इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा आणि पैठण यांची नावे येतात. त्यामुळे किफ्तचा फलक मागे पडताना मराठी प्रवाशाने क्षणभर खिडकीबाहेर पाहणे उचित ठरेल.

पश्चिमतीर : राजे आणि त्यांचे कारागीर

नाईलच्या पश्चिमेस सूर्य मावळतो, म्हणून कबरी तिकडे. देर अल बहारी येथे कड्याच्या पायथ्याशी राणी हातशेप्सूतचे तीन मजली मंदिर आहे. तिने पुंत देशाला पाठविलेल्या व्यापारी मोहिमेची शिल्पे मधल्या सज्जात आहेत. मुळांसह टोपल्यांत ठेवलेली सुगंधी वृक्षांची रोपे, मापाने मोजले जाणारे धूपद्रव्यांचे ढीग, मौल्यवान वस्तू तोलणारी तागडी आणि नोंद घेणारा थॉथ देव, असा हा सारा देखावा एखाद्या बाजारपेठेसारखा आहे. पुढे तिचे नाव आणि प्रतिमा अनेक ठिकाणी छिन्नीने खरवडण्यात आल्या. दगडावर कोरलेली कीर्तीदेखील पुसता येते, हे या भिंती दाखवितात.

त्याच डोंगरापलीकडे राजांची दरी आहे. येथे साठांहून अधिक कबरी सापडल्या आहेत. साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. पहिला सेती आणि तुतनखामून यांच्या कबरींसाठी वेगळे तिकीट लागते. सेतीची कबर डोंगरात सव्वाशे मीटरांहून अधिक खोल गेलेली आहे. येथील रंग तीन हजार वर्षांनंतरही ताजे वाटतात. या बहुतेक कबरी प्राचीन काळीच लुटल्या गेल्या. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ मध्ये मिळालेली तुतनखामूनची कबर बव्हंशी वाचली, कारण पुढील काळात दुसऱ्या कबरीवर काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्या तिच्या तोंडावर उभ्या राहिल्या होत्या.

हे मजूर आणि चित्रकार राहत कोठे? बहुतेक सहली येथून थेट बोटीकडे वळतात. वास्तविक अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर देर अल मदीना हे त्यांचे गाव आहे. सुमारे सत्तर घरांच्या दगडी पायांच्या ओळी, एक अरुंद गल्ली आणि टेकडीवर त्यांच्या स्वतःच्या लहान पण रंगीत कबरी, एवढेच तेथे दिसते. परंतु या गावाने जगाला जे दप्तर दिले, त्याला तोड नाही. पपायरस महाग, म्हणून येथील माणसे चुनखडीच्या चिपांवर आणि फुटक्या खापऱ्यांवर लिहीत. अशा हजारो चिपा सापडल्या आहेत.

त्यांतील एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो दुसऱ्या रामेसीसच्या कारकिर्दीतील चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट आहे. चाळीस कामगारांची नावे, त्यांच्या गैरहजेरीचे दिवस आणि त्यावर लाल शाईने लिहिलेली कारणे. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणी सण म्हणून घरी मद्य तयार करीत होता, कोणी आईच्या देहाला वस्त्रे गुंडाळण्यात गुंतला होता. कोणत्याही कचेरीच्या मस्टरात शोभावी अशी ही पाने तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीची आहेत.

वेतन धान्यात मिळे. साध्या कामगारास महिन्याला चार खर खपली गहू आणि दीड खर जव. मुकादमास साडेपाच खर गहू आणि दोन खर जव. एक खर म्हणजे सुमारे ७७ लिटर. गावात शेती नव्हती, पाणीसुद्धा बाहेरून आणावे लागे. त्यामुळे शासनाकडून धान्य थांबले की चूल थांबे.

तिसऱ्या रामेसीसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, नेमके हेच घडले. महिन्याचे अठरा दिवस उलटूनही धान्य आले नाही. कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, राजकबरींच्या पहाऱ्याच्या भिंती ओलांडल्या आणि एका राजाच्या मंदिरामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, असे त्यांनी सांगितले. अधिकाऱ्यांनी समजूत घातली, आश्वासने दिली. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आणखी पुढे सरकले. अखेर मागील महिन्याचे धान्य द्यावे लागले. त्यानंतरही थकबाकीचा प्रश्न पुन्हा पुन्हा उद्भवत राहिला. एकदा कोठारे रिकामी असल्याचे सांगून अर्धाच शिधा देण्यात आला. हा वृत्तांत आज इटलीतील तुरीन येथे पपायरसवर उपलब्ध आहे. लिखित पुरावा असलेला हा जगातील सर्वांत जुना ज्ञात संप मानला जातो. गावाचा लेखनिक अमेननाख्त याने तो लिहिला, असे मानतात.

आता देर अल मदीनाहून सुमारे एक किलोमीटरवर मदीनत हाबू येथे जावे. हे त्याच तिसऱ्या रामेसीसचे भव्य मंदिर. उत्तरेच्या बाहेरील भिंतीवर त्याच्या सागरी युद्धाचे शिल्प आहे. एके ठिकाणी शत्रूंचे तोडलेले हात मोजणारे लेखनिक आहेत. दक्षिणेच्या बाहेरील भिंतीवर वर्षभराचे उत्सव आणि प्रत्येक उत्सवाला लागणाऱ्या भाकरी, मद्याचे घट, गुरे आणि पक्षी यांची लांबलचक यादी कोरलेली आहे. या राजाच्या दानांची सूची असलेला पपायरस चाळीस मीटरांहून अधिक लांब आहे. त्याच राज्यात, त्याच टेकडीआड, राजाचीच कबर खोदणारे कारागीर उपाशी होते. संपाच्या सुमारास राजाच्या तीस वर्षांच्या महोत्सवाची तयारी चालली होती आणि वजीर त्यासाठी देवमूर्ती नेण्यास या प्रांती आला होता. देणगीचे आकडे दगडावर गेले. देण्याची बाकी एका लेखनिकाच्या कागदावर राहिली. दोन्ही वाचल्याखेरीज ताळेबंद पुरा होत नाही.

देर अल मदीना येथेच पुढे सुमारे हजार वर्षांनी बांधलेले एक लहान मंदिर आहे. त्यातील एका दालनात मृताचे हृदय तागडीच्या एका पारड्यात व सत्याचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलण्याचे शिल्प आहे. शेजारी थॉथ निकाल लिहून घेत आहे. मापात पाप नसावे, ही भावना या लोकांनी परलोकापर्यंत नेली होती. इहलोकातील तागडी मात्र नेहमीच सरळ राहिली नाही.

दक्षिणेकडे

लक्सरहून बोट निघाली की एड्फू येथे होरसचे मंदिर लागते. इ.स.पू. २३७ ते ५७ या काळात बांधलेले हे मंदिर वाळूखाली दडल्यामुळे फार चांगले टिकले. कोम ओम्बो येथील जुळ्या मंदिराच्या आवारात नाईलची पातळी मोजण्याची विहीर आहे. अस्वानच्या एलिफंटाईन बेटावर अशीच मोजपट्टी आहे. पुराचे पाणी किती चढले, यावरून पिकाचा अदमास आणि त्यावरून सारा ठरे. जुन्या पिढीला यावरून आपल्याकडील आणेवारीची आठवण होईल. १९७० मध्ये अस्वानचे उंच धरण पूर्ण झाले आणि वार्षिक पूर थांबला.

धरणाच्या जलाशयातून वाचविलेल्या मंदिरांत अबू सिंबेल अग्रगण्य. अस्वानहून सुमारे २८० किलोमीटरचा हा प्रवास पहाटेच्या अंधारात सुरू होतो. १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातील हे मंदिर कापून ६५ मीटर उंचावर पुन्हा रचण्यात आले. दाराशी दुसऱ्या रामेसीसच्या वीस मीटर उंचीच्या चार मूर्ती आणि आत कादेशच्या लढाईची शिल्पे आहेत. इ.स.पू. १२७४ च्या या लढाईत राजाने एकट्याने शत्रूचा धुव्वा उडविला, असे भिंत सांगते. प्रत्यक्षात कादेश शहर हाती आले नाही. सुमारे पंधरा वर्षांनी हित्ती राज्याशी तह झाला. त्याची इजिप्शियन प्रत कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि हित्ती प्रत तुर्कस्तानात मातीच्या पाटीवर मिळाली. उभयपक्षी नोंद असलेला तो करार गर्जनेपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरला.

परतताना फिले येथील इसिस देवीचे मंदिर पाहतात. तेथे इ.स. ३९४ मधील एक लेख आहे. चित्रलिपीतील याच्या नंतरचा लेख ज्ञात नाही. त्यानंतर ही लिपी वाचणारे उरले नाहीत. १८२२ मध्ये शाँपोलियोंनी तिचा उलगडा करीपर्यंत चौदाशे वर्षे राजांची कीर्ती आणि मजुरांची कीर्द सारखीच मुकी होती.

ही सहल ऑक्टोबर ते मार्च या काळात करणे सुखाचे. पर्यटन संस्थेशी बोलताना देर अल मदीना कार्यक्रमात घालण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी तास-दीड तास पुरतो. आणि घरी परतल्यावर माळ्यावरची जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. पणजोबांच्या पेढीचे मोडीतील किंवा महाजनी लिपीतील चोपडे अनेक घरांत अजून आहेत. कोणाकडे किती बाकी होती, दुष्काळात कोणाला धान्य उधार दिले, गुमास्त्याला पगार काय होता, हे त्यांत लिहिलेले आहे. ते वाचणारी माणसे अद्याप हयात आहेत. रद्दीवाल्याच्या तागडीत पडण्याआधी ते चोपडे त्यांच्यापुढे एकदा ठेवलेले बरे.