घड्याळासमोरचें बुद्धिबळ

घरच्या बैठकींत निवांतपणें बुद्धिबळ खेळणारा मनुष्य एखाद्या मंडळांत गेला, म्हणजे त्यास दोन प्रतिपक्षी भेटतात : एक समोरचा खेळाडू आणि दुसरें पटाशेजारचें घड्याळ. पूर्वीं विचारास कालमर्यादा नसे. त्यामुळें प्रतिपक्षास कंटाळवून डाव जिंकणेंहि शक्य होतें. हा अन्याय टाळण्यासाठीं १८६१ सालीं अँडरसन व कोलिश यांच्या सामन्यांत वाळूचीं घड्याळें ठेवण्यांत आलीं. १८८३ च्या लंडन येथील स्पर्धेंत यांत्रिक जोडघड्याळ आलें.

खेळी होतांच त्याच हातानें कळ दाबावयाची, कीं आपलें घड्याळ थांबून प्रतिपक्षाचें चालूं लागतें. वेळ संपला आणि प्रतिपक्षाजवळ मात करण्याजोगें बळ असलें, तर आपला वजीर अधिक असूनहि डाव जातो.

नवखा खेळाडू बहुधा आरंभींच वेळ उधळतो. ९० मिनिटांत ४० खेळ्या करावयाच्या, म्हणजे खेळीमागें सरासरी सव्वादोन मिनिटें येतात. म्हणून परिचित खेळ्या झटपट कराव्या आणि वांचलेला वेळ मारामारीच्या प्रसंगीं खर्चावा. प्रतिपक्षी विचारांत असतां आपणहि पुढील बेत आंखीत राहावें. कारण तेवढा वेळ आपल्या खात्यांतून जात नाहीं.