बासरी धरा, पण पंप सोडू नका

लोणावळ्यातील आम्हां हौशी बासरीवादकांचे वर्ष ठरलेले: थंडीत नवशिक्यांना धडे, उन्हाळ्यात सराव, भाद्रपदात गणपतीपुढे वादन. कस लागतो तो पावसाळ्यात. मला दम्याचा जुना त्रास. सुरुवातीला जोरात फुंकल्याने चक्कर येई. मग सावकाश, लांब श्वास सोडायला शिकलो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली जेथे कैवल्यधाम स्थापले, त्या गावात राहून हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली! बरे वाटू लागले म्हणून गेल्या आषाढात पंप बंद केला आणि एका रात्री जोराची धाप लागली. बासरी हा श्वासाचा व्यायाम आहे, औषध नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप थांबवू नये. ओल्या हवेत बांबूला बुरशी धरते. बासरी आतून पुसून ठेवावी आणि ज्याची त्यानेच वापरावी.