पपईचा चीक आणि अळीचं पोट

गुजरातमधलं करजण ओळखलं जातं ते कानम भागातल्या काळ्या जमिनीतल्या कापसासाठी. पण गुजरात पपईतही आघाडीवर आहे, आणि कीड परतवण्याची झाडाची युक्ती बघायची तर पपईच बरी.

कच्च्या पपईला नखाचा ओरखडा काढा. क्षणात पांढरा चीक टपटपू लागतो. त्यातलं पपेन प्रथिनं फोडतं. मटण शिजवणाऱ्यांना हे ठाऊकच आहे. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी अळ्यांना पपईची पानं खायला घातली, तर त्या मेल्या किंवा वाढल्याच नाहीत. तीच पानं चिरून, चीक धुऊन दिल्यावर मात्र त्या मजेत वाढल्या.

चीक हा आधीच भरून ठेवलेला साठा. नवा दारूगोळा बनवायचा हुकूम देतं ते जास्मोनिक आम्ल, हे वनस्पतींचं संप्रेरक. अळीनं पान कुरतडलं की ते तयार होतं आणि अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनू लागतात. 1990 मध्ये अमेरिकेत फार्मर आणि रायन यांनी टोमॅटोची रोपं सेजब्रश या झुडपाच्या फांद्यांसोबत बंद भांड्यात ठेवली. सेजब्रशमधून हवेत सुटलेल्या मिथाइल जास्मोनेट या जास्मोनिक आम्लाच्याच रूपामुळे टोमॅटोनं, एकही अळी नसताना, ही प्रथिनं बनवली!

रस शोषणाऱ्या किडींपुढे ही यंत्रणा अनेकदा लंगडी पडते. त्यांच्यामुळे सॅलिसिलिक आम्ल हे झाडातलं दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते जास्मोनिक आम्लाला दाबतं. 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळलेल्या, अशाच रस शोषणाऱ्या पपईवरच्या पिठ्या ढेकणानं बागा उजाड केल्या. त्याला आवर घातला तो 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्यांनी. तेव्हा बागेत सरसकट कीटकनाशक मारण्याआधी या माश्यांचा विचार जरूर करावा.