धनादेश-पुस्तिका गणकयंत्र

बँक-खात्यातील शिल्लक सतत स्मृतीत ठेवणारे, खिशात मावणारे इलेक्ट्रॉनीय गणकयंत्र. १९७०–८० या दशकात अ. सं. सं. मध्ये ते प्रचारात आले. तेथे घरखर्चाची देणी बहुधा धनादेशाने भागविली जात. शिल्लक अपुरी असल्यास धनादेश न वटता परत येई व खातेदारास आकार भरावा लागे. १९७१ मध्ये बुसिकॉम या जपानी कंपनीने मॉस्टेक या अमेरिकन कंपनीची एकच चिप वापरून खिशातील गणकयंत्र बनविले. पुढे मॉस्टेकच्याच कॉर्व्हस या नाममुद्रेचे ‘चेकमास्टर’ हे यंत्र धनादेश-पुस्तिकेच्या वेष्टनात बसविलेले होते.

साध्या गणकयंत्रातील आकडे ते बंद करताच पुसले जातात. या प्रकारात स्मृतीला अत्यल्प विद्युत् प्रवाह मिळत राहत असल्याने शिल्लक टिकते. एका कळीने धनादेशाची रक्कम वजा होते, तर दुसरीने भरणा मिळविला जातो. तथापि यंत्रात केवळ अखेरची बेरीज राहते, नोंदींची यादी राहत नाही. त्यामुळे चुकीचा आकडा दाबला गेल्यास त्याचा शोध लागत नाही व विद्युत् घट संपल्यास शिल्लकही नाहीशी होते. शिवाय दिलेला पण अद्याप न वटलेला धनादेश यंत्र वजा धरते, बँक धरीत नाही. म्हणून कागदी नोंदवही व बँकेचे खातेपत्रक यांच्याशी ताळमेळ घालणे आवश्यकच राहिले.