दारासुरम्‌च्या रथाचे साल कोणते?

तामिळनाडूतील कुंभकोणम शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटर अंतरावर दारासुरम् हे गाव आहे. चोळ सम्राट दुसरा राजराज याने येथे उभारलेल्या ऐरावतेश्वर मंदिराचा पुढील मंडप रथाच्या आकाराचा असून त्यावर चाके व दौडणारे घोडे कोरलेले आहेत. ओडिशातील कोणार्क आणि कर्नाटकातील हम्पी येथील दगडी रथही सर्वांच्या परिचयाचे आहेत. या तिघांपैकी आधीचा रथ कोणता, हा प्रश्न इंटरनेटवरील एखाद्या कालरेषा खेळात पुढे आला, तर त्याचे उत्तर केवळ खेळाडूच्या ज्ञानावर अवलंबून राहत नाही. खेळाची आखणी करणाऱ्याने कोणते पर्याय निवडले आहेत, यावरही ते ठरते.

कालरेषा खेळाचे स्वरूप साधे आहे. खेळाडूसमोर एक पत्ता येतो. त्यावर एखादी घटना, व्यक्ती किंवा वास्तू यांचे नाव असते, मात्र साल लपविलेले असते. आधी मांडलेल्या पत्त्यांच्या रांगेत नवा पत्ता योग्य जागी ठेवायचा आणि मग साल उघड होते. फ्रेडेरिक हेन्री यांनी तयार केलेला ‘टाइमलाइन’ हा पत्त्यांचा खेळ २०१० मध्ये बाजारात आला. त्याच कल्पनेवर आधारलेला ‘विकिट्रिव्हिया’ हा टॉम वॉटसन यांचा इंटरनेटवरील खेळ २०२२ च्या प्रारंभी चर्चेत आला. यात खेळाडूला तीन जीव मिळतात. चूक झाली की एक जीव जातो. पत्त्यांवरील माहिती मुख्यतः विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्यातून घेतलेली असते. हा साठा कोणालाही वापरता येतो आणि खेळाच्या प्रणालीचा मूळ मजकूरही खुला ठेवण्यात आला. त्यामुळे थोडे संगणकज्ञान असलेल्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला आपल्या विषयाचा पत्तासंच आणि आपले नियम असलेला स्वतंत्र खेळ तयार करता येणे शक्य आहे.

असा खेळ तयार करू पाहणारा बहुधा प्रथम जीव किती द्यायचे आणि वेळेची मर्यादा ठेवायची की नाही, याचा विचार करतो. वास्तविक हे निर्णय सर्वांत सोपे आहेत. खेळ कठीण होतो तो रांगेच्या लांबीमुळे. रांगेत एकच पत्ता असताना नव्या पत्त्यासाठी दोन जागा असतात. केवळ अंदाजाने ठेवला तरी तो बरोबर पडण्याची शक्यता निम्मी असते. दहा पत्ते मांडून झाल्यावर जागा अकरा होतात आणि त्यांपैकी कित्येक जागा अगदी अरुंद असतात. म्हणून नवख्यांसाठी जीव वाढविण्यापेक्षा रांगेची लांबी मर्यादित ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

साल म्हणजे कशाचे साल?

खरा प्रश्न याहून वेगळा आहे. तीन रथांचे उदाहरण पाहू. बांधकामाच्या क्रमाने दारासुरम् बाराव्या शतकातील, कोणार्क तेराव्या शतकातील आणि हम्पीचा रथ सोळाव्या शतकातील मानला जातो. (हम्पीचा रथ हे वस्तुतः विठ्ठल मंदिरासमोरील गरुडाचे देवालय आहे.) आता पत्त्यावर ‘निर्मिती’ऐवजी ‘जागतिक वारसा यादीत समावेश’ हा पर्याय ठेवला, तर काय होते? कोणार्कचे सूर्यमंदिर १९८४ मध्ये यादीत आले, हम्पीचा स्मारकसमूह १९८६ मध्ये आणि दारासुरम् २००४ मध्ये. ज्या दारासुरम्‌चा पत्ता रांगेच्या आरंभी होता, तो शेवटी जातो.

दारासुरम्‌च्या बाबतीत आणखी एक मेख आहे. युनेस्कोच्या यादीत ‘चोळांची महान जिवंत मंदिरे’ अशी एकच नोंद आहे. तिच्यात १९८७ मध्ये फक्त तंजावरचे बृहदीश्वर मंदिर होते. २००४ मध्ये नोंदीचा विस्तार करून गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् येथील मंदिरे तिच्यात समाविष्ट करण्यात आली. संगणकाने नोंदीचे पहिले साल उचलले, तर दारासुरम्‌ला १९८७ हे साल चिकटेल आणि प्रत्यक्ष माहिती असलेल्या खेळाडूचा जीव विनाकारण जाईल. ज्याला ठाऊक आहे तो हरतो आणि ज्याला ठाऊक नाही तो चुकीचे साल शिकून जातो. यंत्राने ठामपणे दाखविलेल्या आकड्यावर विद्यार्थी सहसा शंका घेत नाहीत, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

यावर उपाय असा की, प्रत्येक पत्त्यावर क्रियापद स्पष्ट लिहावे. बांधले, पूर्ण झाले, जन्म, प्रकाशन, यादीत समावेश यांपैकी नेमके काय अपेक्षित आहे, ते खेळाडूला आधी कळले पाहिजे.

अचूकतेची मर्यादा

दुसरा राजराज याचा राज्यकाल साधारणपणे ११४६ ते ११७३ असा धरला जातो. मंदिर त्या काळातील आहे, एवढे निश्चित सांगता येते. चोळांच्या शिलालेखांत बहुधा सलग संवत्सराऐवजी ‘अमुक राजाच्या राज्याचे अमुक वर्ष’ अशी कालगणना असते. राज्यारोहणाचे वर्ष दोन-चार वर्षांनी मागेपुढे धरले, की सर्वच साले सरकतात. अशा वास्तूच्या पत्त्यावर एकच चार आकडी साल छापणे म्हणजे नसलेली खात्री दाखविणे होय.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटामध्ये या अडचणीचा विचार झालेला आहे. तेथे तारखेसोबत तिची अचूकता, म्हणजे ती दिवसापर्यंत माहीत आहे, वर्षापर्यंत की केवळ शतकापर्यंत, हे नोंदविता येते. एकाच गोष्टीच्या दोन तारखा असल्यास त्यांना पसंतीचा दर्जाही देता येतो. परंतु खेळाने फक्त वर्षाचा आकडा वाचून बाकीचे सोडून दिले, तर ही सारी काळजी वाया जाते.

पुष्कळजण यावर सरसकट सवलत देण्याचा मार्ग सुचवितात. उदाहरणार्थ, पन्नास वर्षांच्या आतील चूक माफ करावी. विसाव्या शतकातील पत्त्यांना ही सवलत लावली, तर दोन्ही महायुद्धांचा क्रम उलटा लावणाराही जिंकेल. त्यापेक्षा सवलत पत्त्यागणिक असावी. जो पत्ता शतकापुरता माहीत आहे, त्याला त्या शतकात कोठेही जागा मिळावी. ज्याचा दिवस माहीत आहे, त्याला कोणतीही सूट नसावी.

शकाचे साल, इसवीचे साल

मराठी पत्तासंच करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न येतो, तो पंचांगाचा. शके सालात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, हे सूत्र शाळेत शिकविले जाते. ते वर्षाच्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांपुरतेच खरे आहे. शके वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात.

याचे महत्त्व छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवरून ध्यानात येईल. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली आहे. त्यापूर्वी प्रचलित असलेली वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे ६ एप्रिल १६२७ ही तारीखही दीर्घकाळ वादाचा विषय होती. शहाजहान १६२८ मध्ये गादीवर आला. म्हणजे जन्माची कोणती तारीख धरली, यावर हे दोन पत्ते आपली जागा बदलतात.

आता शके १५५१ मध्ये यांत्रिकपणे ७८ मिळविले, तर उत्तर १६२९ येते. महाराजांचे मातामह लखुजी जाधवराव यांची दौलताबाद येथे हत्या झाली, तेही साल १६२९ आहे. साल सारखे असल्यास दोन्ही क्रम बरोबर धरावेत, असा नियम अशा खेळांत ठेवला जातो आणि तो रास्तही आहे. येथे मात्र त्या नियमामुळे नातवाचा जन्म आजोबांच्या हत्येपूर्वी झाला, असे उत्तरही बरोबर ठरेल. नियम निर्दोष आहे, चूक बेरजेत आहे. खेळाडूला मात्र यातले काहीच दिसत नाही.

शिवकालातील इसवी तारखा मराठी ग्रंथांत बहुधा ज्युलियन पद्धतीने दिल्या जातात. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख ग्रेगोरियन पद्धतीने १६ जून येते. केवळ वर्ष विचारणाऱ्या खेळात याने फरक पडत नाही. दिवसाचा क्रम विचारला, तर संपूर्ण संच एकाच पद्धतीत असला पाहिजे.

मूर्ती आधीची, मंदिर नंतरचे

दारासुरम्‌च्या मंदिरात सापडलेली व आता तंजावरच्या कलादालनात असलेली एक द्वारपाल मूर्ती या संदर्भात पाहण्याजोगी आहे. ती चोळ शैलीची नाही. चोळ राजा राजाधिराज याने चालुक्यांची राजधानी कल्याणपूर जाळून हा द्वारपाल आणला, अशा आशयाचा तमिळ लेख तिच्यावर आहे. हे कल्याणपूर म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगत, बिदर जिल्ह्यात असलेले आजचे बसवकल्याण. राजाधिराज १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत मारला गेला. म्हणजे मूर्ती तमिळ देशी आली ती त्यापूर्वी, आणि ज्या मंदिरात ती सापडली ते त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी बांधले गेले.

‘दारासुरम्‌चा द्वारपाल’ असा एकच पत्ता केला, तर बहुतेक खेळाडू तो मंदिराशेजारी बाराव्या शतकात ठेवतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. मूर्ती घडविली गेली ते साल कोणालाही वर्षापर्यंत सांगता येणार नाही. म्हणून ‘कल्याणहून आणला’ असे स्पष्ट लिहून, अकराव्या शतकाच्या मध्याची सवलत देऊन हा पत्ता करावा, आणि मंदिराचा पत्ता ‘बांधले, बाराव्या शतकात’ असा वेगळा ठेवावा. साल उघड झाल्यावर पत्त्याच्या मागील बाजूस शिलालेखाचा आशय चार ओळींत देण्याची सोय असेल, तर खेळाडूला आपला जीव का गेला, हेही लगेच कळेल.